साथीच्या काळात दीर्घ आजाराच्या माणसाला घरात ठेवणे म्हणजेच त्याला जपणे का?

रानजाई | १४ मे २०२३, रात्री ९:४०

जागतिक आरोग्य संघटनेने या महिन्याच्या ५ तारखेला कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. ती बातमी वाचल्यानंतर मी कपाटातून बाबांची वजनाची वही बाहेर काढली, आणि त्या वहीमुळेच हा धागा काढत आहे.

माझ्या वडिलांना २०१७ साली हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलू शकत नसल्याचे, निदान झाले होते. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी ते वजनकाट्यावर उभे राहत आणि आकडा वहीत लिहून ठेवत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा आम्ही तिघा भावंडांनी एकमताने ठरवले की, काहीही झाले तरी बाबांना उंबऱ्याबाहेर पडू द्यायचे नाही. वर्तमानपत्र बंद केले, कामाच्या मावशींना पगारी सुटी दिली, दुधाची पिशवी साबणाने धुतल्याशिवाय ती स्वयंपाकघरात येत नसे. वहीत ८ जूनला ६१.४ किलो आणि ११ जूनला ६३.८ किलो असे आकडे त्यांच्याच अक्षरात आहेत. पायांवर सूज दिसत होती, रात्री ते उशाखाली आणखी एक उशी मागत होते. नेहमीचे रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवले होते. तिथे नेणे म्हणजे हाताने विस्तवात ढकलणे, असे आम्हाला वाटले. दुसरीकडे कुठे दाखवावे, कोणाला फोन करावा, याचा विचार आम्ही उद्यावर टाकत राहिलो. १९ जूनला पहाटे त्यांना श्वास घेता येईना आणि दोन दिवसांनी ते गेले. त्यांची कोविडची चाचणी निगेटिव्ह आली होती.

आता आई ७१ वर्षांची आहे. तिला १८ वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत. पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण ती आली तर काय करायचे हे मला आजच, मन शांत असताना लिहून ठेवायचे आहे. ज्यांच्या घरात दीर्घ आजार आहे त्यांनी त्या दोन वर्षांत काय केले, काय करायला नको होते, हे कृपया सविस्तर सांगावे.

गोदातीर | १४ मे, रात्री १०:२५

रानजाईताई, तुमची वेदना समजते. मी डायलिसिस विभागात तंत्रज्ञ आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या रुग्णांना पहिल्याच आठवड्यात मिळाले होते. ज्याला आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास यंत्राला जोडून घ्यावे लागते, त्याच्यापुढे घरात थांबण्याचा पर्यायच नसतो. टाळेबंदी लागल्यावर पहिल्या काही दिवसांत भीतीने दोन-तीन पाळ्या चुकवलेले रुग्ण धापा टाकत आले. त्यांच्या अंगात पाणी साठले होते आणि रक्तातील पोटॅशियम वाढलेले होते. अशा वाढलेल्या पोटॅशियमने हृदय अचानक थांबू शकते.

पोलिसांच्या नाक्यावर पास दाखवूनही अडवले गेले, तर आमचे काही रुग्ण बाही वर करून फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला, हात दाखवत. तो फुगलेला हात पाहिल्यावर कोणी पुढे काही विचारत नसे.

आम्ही जे बदल केले त्यांतील सर्वांत उपयोगी बदल अगदी साधा होता. प्रत्येक पाळीला तेच रुग्ण, त्याच खाटा आणि शक्यतो तेच कर्मचारी ठेवले, म्हणजे कोणी पॉझिटिव्ह निघाला तर धोका त्या पाळीपुरता राहत असे. डायलिसिस सुरू असताना चहा-बिस्किटे घेणे आम्ही बंद केले, कारण खाण्यासाठी सगळे एकाच वेळी मास्क काढत. रुग्णांना ते आवडले नाही, कारण चार तासांत तेवढाच विरंगुळा होता; पण त्यांनी ते पाळले.

अनुराधा_ठाणे | १४ मे, रात्री १०:५८

माझ्या सासूबाईंच्या बाबतीतही भीतीनेच उशीर झाला होता, त्यामुळे हा धागा वाचताना डोळ्यांत पाणी आले. धागा वाचत आहे.

कातळकडा | १५ मे, सकाळी ७:१५

रानजाईताईंच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर बाळगून मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण ती मांडली नाही तर या धाग्यातून चुकीचा निष्कर्ष निघेल असे वाटते.

माझ्या थोरल्या भावाला सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा दम लागणारा दीर्घ आजार, होता. सप्टेंबर २०२० मध्ये तो नेहमीच्या तपासणीसाठी शहरातील एका रुग्णालयात गेला. त्याला कोणताही नवा त्रास नव्हता, केवळ तारीख दिलेली होती म्हणून तो गेला. वातानुकूलित प्रतीक्षाकक्षात, बंद खिडक्यांच्या आत, तीस-पस्तीस माणसांमध्ये तो दोन तास बसला. पाचव्या दिवशी ताप आला आणि पंधराव्या दिवशी तो गेला. संसर्ग तिथेच झाला हे मी सिद्ध करू शकत नाही, पण त्याआधीच्या तीन आठवड्यांत तो दुसरीकडे कुठेही गेलेला नव्हता. त्या तारखेला मीच त्याला गाडीने नेले होते. म्हणून, घरात ठेवणे चूक होते असे सरसकट विधान मला मान्य करता येत नाही.

कृष्णाकाठ | १५ मे, दुपारी २:०५

मी सांगली जिल्ह्यात एकोणीस वर्षे सर्वसाधारण प्रॅक्टिस करतो. रानजाई आणि कातळकडा या दोघांचे अनुभव परस्परविरोधी वाटतात, पण माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच उणीव आहे. कोणती भेट टाळता येते आणि कोणती टाळता येत नाही, हे त्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना आधी कोणीच सांगितलेले नव्हते. यात आम्हा डॉक्टरांचा दोष अधिक आहे. कातळकडा यांच्या भावाची भेट फोनवर होऊ शकली असती. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजीच प्रसिद्ध झालेली होती. रानजाईंच्या वडिलांचे वजन तीन दिवसांत २.४ किलो वाढले, तेव्हा मात्र त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक होते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे वजन तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, तर ते अंगात पाणी साठल्याचे लक्षण मानतात, आणि पुष्कळदा केवळ लघवीच्या गोळीचा डोस बदलून ते वेळेवर आवरता येते. ताई, हा आकडा तुम्हाला कोणी सांगितलेला नव्हता. तुम्ही स्वतःला दोष देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आता औषधांबद्दल. मार्च २०२० मध्ये अशी बातमी पसरली की, रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे, म्हणजे रामिप्रिल, टेल्मिसार्टन वगैरेंमुळे, कोविड अधिक गंभीर होतो. तो केवळ एक तर्क होता, आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी लगेच सांगितले की या गोळ्या बंद करू नयेत. तरीही माझ्याकडे गोळ्या सोडून दिलेले रुग्ण येत राहिले. त्यांतील एका शेतकऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. दम्याचे रुग्णही इनहेलरमध्ये स्टेरॉइड असते म्हणून घाबरले होते. इनहेलर बंद केल्याने दमा उसळतो, आणि उसळलेला दमाच त्यांना रुग्णालयात घेऊन येतो. घरात कोणी आजारी असेल तर नेब्युलायझरऐवजी (औषधाची वाफ करणारे यंत्र) स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडे, लावून पंप घेणे बरे, कारण नेब्युलायझरच्या वाफेबरोबर विषाणूही हवेत पसरण्याची शक्यता असते.

याच्या अगदी उलट प्रकार २०२१ च्या लाटेत पाहिला. फोनवरून फिरणारी कोणाची तरी चिठ्ठी पाहून लोक ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घेऊ लागले. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्येच दाखवून दिले होते की, या औषधाचा फायदा ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या रुग्णांना होतो. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना तो होत नाही. मधुमेही माणसाने ते घेतले की साखर चारशेच्या पुढे जाऊ शकते. म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) एक डोळा गमावलेले माझे दोन रुग्ण आहेत. दोघांनाही मधुमेह होता आणि दोघांनीही घरच्या घरी स्टेरॉइड सुरू केले होते.

अनुराधा_ठाणे | १५ मे, दुपारी ३:३०

डॉक्टर, औषधांचा साठा घरात किती ठेवावा, हे सांगाल का? पुढच्या वेळी दुकानात औषध मिळाले नाही तर काय, ही भीती मनातून जात नाही.

संत्रानगरी | १५ मे, सायंकाळी ६:१०

अनुराधाताई, डॉक्टर सांगतीलच, पण या प्रश्नावर मी आधी बोलले तर चालेल का? मला बारा वर्षांपासून ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार, आहे आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे माझे रोजचे औषध आहे. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात ते अचानक सर्व दुकानांतून नाहीसे झाले, कारण आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी ते देण्याची शिफारस झाल्याचे कळताच धडधाकट माणसांनीही त्याच्या पट्ट्यांच्या पट्ट्या घरी नेऊन ठेवल्या. २६ मार्चला चिठ्ठीशिवाय ते विकण्यावर निर्बंध आले, तोपर्यंत नागपुरात मी फिरलेल्या सात दुकानांपैकी एकातही ते शिल्लक नव्हते. मी गोळ्या पुरवण्यासाठी एक दिवसाआड घेऊ लागले. पाचव्या आठवड्यात सांधे सुजले, तोंडात फोड आले, आणि एप्रिलच्या अखेरीस लघवीतून प्रथिने जाऊ लागली. पुढे त्या औषधाचा कोविडवर उपयोग नसल्याचेही सिद्ध झाले. इतरांच्या घरी ते कपाटात पडून होते आणि माझे मूत्रपिंड त्यासाठी झिजत होते.

म्हणून साठा करण्याला माझा विरोध नाही, पण त्याला मर्यादा असावी. मी आता चालू महिन्याव्यतिरिक्त आणखी एका महिन्याचे औषध ठेवते, जुनी पट्टी आधी वापरते, आणि दुसऱ्याच्या आजाराचे औषध केवळ ऐकीव माहितीवर घरात आणत नाही. औषधविक्रेत्याकडे माझे नाव, औषध आणि महिन्याला लागणाऱ्या गोळ्या नोंदवून ठेवल्या आहेत. त्या एप्रिलमध्ये अशी नोंद असती तर त्याने माझ्यापुरती एक पट्टी राखली असती, असे तो स्वतः म्हणाला.

कृष्णाकाठ | १५ मे, सायंकाळी ७:०२

संत्रानगरी यांच्या उत्तरात मला काही भर घालायची नाही. एक महिना जास्तीचा, एवढे पुरेसे आहे.

माडबन_श्रीवर्धन | १५ मे, रात्री ९:२०

औषध मिळाले तरी ते टिकवायचे कसे, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला होता. माझ्या मुलाला सहाव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे त्याचे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. घराची कौले उडाली, वाडीतील पोफळी मुळासकट आडव्या झाल्या आणि वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. बाहेर कोविड, घरावर छप्पर नाही, आणि फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या सहा कुप्या, अशी ती अवस्था होती.

माझ्या सासूबाईंनी मोठ्या मडक्यात ओली वाळू भरली, त्यात लहान मडके बसवले, कुप्या झाकणाच्या डब्यात घालून तो डबा आतल्या मडक्यात ठेवला आणि वर ओले फडके टाकले. दिवसातून तीन-चार वेळा त्या वाळूवर पाणी शिंपडत. कुप्यांना पाण्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही आणि मडके वाऱ्याच्या जागी, सावलीत ठेवायचे, एवढेच सांभाळायचे होते. मुंबईच्या डॉक्टरांशी फोन लागला तेव्हा त्यांनी ही पद्धत योग्य असल्याचे सांगितले. वापरात असलेली कुपी थंड सावलीत साधारण चार आठवडे चालते, पण उन्हात तापलेली किंवा बर्फाला चिकटून गोठलेली कुपी वापरू नये, असेही ते म्हणाले.

पुढे मुलाला ताप आला. तो जेवत नाही म्हणून मी इन्सुलिन देऊ नये, असा सल्ला शेजाऱ्यांनी काळजीपोटी दिला. टाइप १ च्या मुलाला ताप असताना उलट साखर वाढते, आणि इन्सुलिन पूर्ण बंद केले तर रक्तात कीटोन नावाची आम्लद्रव्ये साठून जीव धोक्यात येतो. हे मला निदानाच्या वेळीच शिकवले गेले होते म्हणून त्या रात्री मी दर तीन तासांनी साखर तपासत बसले. रानजाईताई, तुमच्या वहीत आईच्या आजारपणातील दिवसांचे एक स्वतंत्र पान असू द्या. ताप, उलट्या, जुलाब होत असतील तर कोणती गोळी थांबवायची आणि कोणती थांबवायची नाही, हे तिच्या डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या.

वरदा_लेस्टर | १६ मे, पहाटे ३:१५

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेते, त्यामुळे मार्च २०२० मध्ये मला सरकारी पत्र आले की मी अतिधोक्याच्या गटात असून बारा आठवडे घराबाहेर पडू नये. त्याला इकडे शिल्डिंग म्हणत. पत्रामुळे बऱ्याच गोष्टी सोप्या झाल्या. किराणा घरपोच मिळण्यासाठी दुकानांनी राखीव वेळा दिल्या आणि कामावरही स्पष्टीकरण द्यावे लागले नाही. उर्वरित इंग्लंडमध्ये १ ऑगस्टला शिल्डिंग थांबवले गेले, पण लेस्टरमध्ये जूनच्या शेवटी स्थानिक टाळेबंदी लागल्याने आमचे लांबले.

यादीतही त्रुटी होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये वय, वजन, मधुमेह, वस्ती अशा अनेक बाबी एकत्र मोजून आणखी सुमारे १७ लाख लोकांची नावे त्यात घातली गेली. म्हणजे तोपर्यंतचे अकरा महिने त्यांना आपण इतक्या धोक्यात आहोत हे कोणी कळवलेले नव्हते. पुण्यात माझ्या आई-वडिलांकडे असे कोणतेही पत्र नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दोन ताई दारात आल्या, त्यांनी ताप आणि ऑक्सिजन मोजला, कोणते आजार आहेत ते लिहून घेतले. वडिलांनी त्यांना मधुमेह नाही असे सांगितले, कारण नाव लिहिले गेले तर उचलून नेतील अशी त्यांना भीती वाटली. आजार लपवण्याची ही भीती आपल्याकडे फार खोल आहे, आणि त्यावर घरातच बोलायला हवे.

बारा आठवड्यांनी मी जिना चढू शकत नव्हते, हेही नोंदवते. संसर्गापासून वाचले, पण मांडीचे स्नायू पार गेले होते.

सह्याद्री_३१ | १६ मे, सकाळी ८:४५

यादीचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझे मूत्रपिंड प्रत्यारोपण २०१८ मध्ये झाले. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयाच्या, ठरावीक २० आजारांपैकी एखादा असलेल्या व्यक्तींना लस सुरू झाली. त्या २० आजारांत प्रत्यारोपण होते, पण मी २९ वर्षांचा होतो, त्यामुळे डॉक्टरांचे प्रमाणपत्र हातात असूनही १ मे उजाडेपर्यंत मला थांबावे लागले. तो एप्रिल सर्वांनाच आठवत असेल.

त्या दोन महिन्यांत माझ्या डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट मी विसरलो नाही. प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या शरीरात लशीचा परिणाम कमी होतो, म्हणून माझ्याभोवतीच्या माणसांनी लस घेणे हेच माझे मोठे संरक्षण. आई आणि वडील आरोग्य केंद्रावर सकाळी सहाला रांगेत उभे राहिले. खालच्या मजल्यावरच्या काकांचा लशीवर विश्वास नव्हता. माझ्यासाठी म्हणून त्यांनी ती घेतली. दुसरी मात्रा घेतल्यावरही मी गर्दीत मास्क काढला नाही, आणि आजही काढत नाही.

आबा_वाई | १६ मे, सकाळी ११:३०

माझे वय ७६ असून मला मधुमेह, रक्तदाब आणि एक स्टेंट आहे. वरील सर्व मजकूर सावकाश वाचला. सर्वांनी जिव्हाळ्याने लिहिले आहे, पण ज्याला जपायचे त्याला विचारले का, हे कोणी लिहिले नाही. माझ्या मुलांनी मला दहा महिने माजघराच्या पुढे येऊ दिले नाही. नातवंडांना माझ्याजवळ बसण्याची बंदी होती. मी भांडलो नाही, कारण ती सगळी भीती माझ्यासाठीच होती. पण मला कोणी विचारले असते, तर मी सांगितले असते की सकाळी साडेपाचला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन येऊ द्या; मोकळ्या हवेत धोका कमी असतो हे मलाही कळते. त्या दहा महिन्यांत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.१ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर गेली. रानजाई, वही लिहाल ती आईला समोर बसवून लिहा.

कातळकडा | १६ मे, रात्री ८:५०

डॉक्टर कृष्णाकाठ यांचे उत्तर मी तीनदा वाचले. माझ्या भावाची ती भेट फोनवर होऊ शकली असती, हे वाक्य वाचणे सोपे गेले नाही. त्या वेळी मी रुग्णालयात फोन करून विचारले असते, तर त्यांनी कदाचित पुढची तारीख दिली असती; मी विचारलेच नाही. सरसकट घरात ठेवावे असे आता मी म्हणणार नाही. मात्र वहीत एक गोष्ट अवश्य लिहावी, अशी माझी विनंती आहे. जावेच लागले तर पहिल्या वेळेचा क्रमांक घ्यावा, रुग्णाने बाहेर मोकळ्यावर किंवा गाडीत काचा उघड्या ठेवून थांबावे, घरच्या एका माणसाने आत जाऊन क्रमांकाची वाट पाहावी, आणि एन-९५ मास्क नाकावर नीट बसलेला असावा.

गोदातीर | १६ मे, रात्री ९:३५

कातळकडा यांची सूचना फार चांगली आहे. घरात ऑक्सिमीटर असेल त्यांच्यासाठी त्याला जोडून लिहितो. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. हात चोळून, पाच मिनिटे शांत बसून, आकडा स्थिर झाल्यावरच लिहावा. सीओपीडीच्या माणसाचा नेहमीचाच आकडा ९० ते ९२ असू शकतो, त्यामुळे बरे असतानाचा आपला आकडा आधी नोंदवलेला नसेल, तर आजारात ‘९४ च्या खाली धोका’ या सर्वसाधारण नियमाने घरचे उगाच घाबरतात किंवा उलट गाफील राहतात.

रानजाई | २१ मे, सायंकाळी ५:१०

उत्तर द्यायला पाच दिवस लागले, कारण आबांनी सांगितल्याप्रमाणे मी आईला समोर बसवून वही लिहिली आणि त्यासाठी साताऱ्याला गेले होते. तिच्या डॉक्टरांची भेटही घेतली. ताप किंवा जुलाब झाल्यास मेटफॉर्मिन आणि साखरेची दुसरी एक गोळी थांबवून त्याच दिवशी त्यांना फोन करायचा, रक्तदाबाच्या गोळीबद्दल त्याच फोनवर विचारायचे, इन्सुलिन सुरू झालेले असेल तर ते स्वतःहून बंद करायचे नाही, असे त्यांनी त्यांच्या अक्षरात लिहून दिले आहे. तिची बरी असतानाची साखर, रक्तदाब, वजन आणि ऑक्सिजनचा आकडा पहिल्या पानावर आहे. दुसऱ्या पानावर औषधविक्रेत्याचा, डॉक्टरांचा, आणि रात्री गाडी घेऊन येईल अशा दोन शेजाऱ्यांचा फोन आहे. जावे लागले तर कसे जायचे, ते कातळकडा यांच्या शब्दांत तिसऱ्या पानावर उतरवून घेतले.

चौथ्या पानावर अडलो. दवाखान्यात न्यायचे की नाही याबद्दल आम्हा भावंडांचे मतभेद झाले तर कोणाचे ऐकायचे, असा प्रश्न मी लिहिला होता. आईने माझ्या हातातून पेन घेतले आणि त्याखाली स्वतःचे नाव लिहिले. मग तिने बाबांची जुनी वही मागितली, ११ जूनचे पान उघडले, आणि विचारले, “या दिवशी त्यांना विचारलं होतं का?” आम्ही विचारले नव्हते.

आबा_वाई | २१ मे, सायंकाळी ६:००

आईंना माझा नमस्कार सांगावा.